गॅरेजमध्ये सापडलेला रंग काढायच्या औषधाचा जुना डबा : वापरू की नको?

आंबेमोहोर

नमस्कार मंडळी,

मागच्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीत १९२८ सालचं एक घर घेतलं. आत पाच लाकडी दारं आणि जिन्याचा कठडा आहे. इथे राहून गेलेल्या प्रत्येकानं त्यावर आपापल्या आवडीचा रंग चढवलेला. एका दाराचा टवका उडालाय, तिथे मोजले तर सात थर भरले. सगळ्यात खाली ओकचं लाकूड दिसतं, इतकं देखणं की ते झाकावंसं कुणाला वाटलं असेल याचंच नवल वाटतं.

दुकानातून रंग काढायची नवीन पेस्ट आणली. लावली, वरून प्लास्टिक गुंडाळलं, रात्रभर ठेवली. सकाळी जेमतेम दोन थर सुटले. मग गॅरेजमध्ये आधीच्या मालकानं ठेवलेला अर्धा डबा सापडला. त्यावर मेथिलीन क्लोराइड असं लिहिलंय. थोडंसं लावून पाहिलं तर दहा मिनिटांत रंग पापडासारखा फुगून वर आला. चार थर एका दमात! तसाच नवा डबा आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला की २०१९ पासून हे विकायला बंदी आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. हातातला डबा वापरला तर चालेल का? दारं जागेवरून निघत नाहीत, म्हणजे काम घरातच करावं लागेल, पण खिडक्या उघड्या ठेवेन. आणि दुसरं, इतकं गुणी औषध सरकारनं बंद का केलं? डब्यावर 'हवा खेळती ठेवा' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. सूचना पाळणाऱ्यांनाही का मिळू नये?

ता. क. : गॅरेजमध्ये अर्धा तास काम केल्यावर नवऱ्याचं डोकं जड झालं होतं. दार उघडं होतं.

कोकमसार

डोकं जड झालं होतं ना? मग डबा आधी घराबाहेर ठेवा. चर्चा नंतर करू.

सुतारपक्षी

मी वीस वर्षं ओहायोत जुनं फर्निचर दुरुस्त करतोय. आधी हौस म्हणून, आता चार पैसेही मिळतात. या औषधाला तोड नाही, हे खरंच आहे. नवीन पेस्टमध्ये पाणी असलं की लाकडाचे रेषे उठतात, पातळ व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, सुटून येतं, मग घासत बसा. मेथिलीनमध्ये असलं काही होत नाही. लाकूड जसंच्या तसं राहतं.

मी ते कायम अंगणात वापरलं, वाऱ्याकडे पाठ करून. कधी काही झालं नाही. ज्यांनी काळजी घेतली नाही त्यांच्यामुळे काळजी घेणाऱ्यांच्या हातातलं हत्यार गेलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण आंबेमोहोर, घरात मात्र नको. अंगणात नेता येत नसेल तर सोडून द्या.

लॅबवाली

रसायनशास्त्र माझा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेथिलीन क्लोराइड म्हणजेच डायक्लोरोमिथेन. पुण्यात एम. एस्सी. करताना आम्ही सगळेच ते वापरायचो. फनेलमध्ये पाण्याबरोबर हलवलं की खाली बसणारा थर याचा, कारण ते पाण्यापेक्षा जड. रेणू इतका लहान की रंगाच्या थरात शिरतो, थराला फुगवतो आणि लाकडावरची त्याची पकड सोडवतो. पापड फुगतो म्हणालात ना, अगदी तसंच.

गोम आहे ती त्याच्या उकळण्यात. हे जवळजवळ ४० अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात उघडा डबा सावलीत ठेवला तरी उकळायला लागेल. म्हणून तर या औषधात मेण घालतात, वर साय धरावी आणि ते पटकन उडून जाऊ नये म्हणून. तुम्ही पट्टीनं खरवडायला लागलात की साय मोडते आणि वाफ थेट तोंडावर येते. ही वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. खाली साठते, जिथे वाकून काम करणाऱ्याचं नाक असतं.

या वाफेनं आधी गुंगी येते. धोका कळायला शुद्ध हवी आणि तीच आधी जाते. वास गोडसर असतो, नाक त्याला लवकर सरावतं, त्यामुळे वासावर विसंबून राहता येत नाही.

आणि मास्क लावून भागेल असं कुणाला वाटत असेल तर तेही नाही. काडतुसं लावलेले साधे रासायनिक मास्क या वाफेपुढे फार वेळ टिकत नाहीत. अमेरिकेत कामाच्या जागी यासाठी नळीनं बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. नायट्राइलचे हातमोजेसुद्धा ते काही मिनिटांत पार करतं.

आंबेमोहोर

बाप रे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे आमच्याकडे. तो वाजला नाही म्हणून मी निर्धास्त होते.

लॅबवाली

@आंबेमोहोर, तो वाजणारच नाही. हे नीट समजून घ्या. कार्बन मोनॉक्साइड हवेत नसतो, तो शरीरात तयार होतो. आपलं यकृत मेथिलीन क्लोराइडचं रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये करतं. मग तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. चरबीत मुरलेलं रसायन सावकाश बाहेर येत राहतं, त्यामुळे काम थांबवून मोकळ्या हवेत आल्यावरही हे काही तास चालूच असतं.

हे आज कळलं असंही नाही. १९७२ साली हा शोध प्रसिद्ध झाला. १९७६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका निवृत्त गृहस्थांची हकीकत आली होती. ते तळघरात फर्निचरचा रंग काढत बसले आणि त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बरे झाले, पुन्हा त्याच कामाला लागले, पुन्हा झटका. तिसऱ्या खेपेला ते वाचले नाहीत. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर हा डबा उघडूसुद्धा नका.

पेठकर

१९७२ ला कळलं आणि दुकानातून गेलं २०१९ ला? सत्तेचाळीस वर्षं!

राईन_काठी

आमच्याकडे युरोपात हे आधी झालं. युरोपियन संघानं २००९ साली निर्णय घेतला. २०११ च्या डिसेंबरपासून सामान्य ग्राहकांना आणि कारागिरांना हे औषध विकणं बंद झालं, जून २०१२ पासून कारागिरांनी वापरणंही बंद. वजनाच्या ०.१ टक्का किंवा जास्त मेथिलीन क्लोराइड असेल तर तो डबा बादच. कारखान्यांना मात्र अटींवर मुभा आहे आणि प्रशिक्षित कारागिरांना परवानगी द्यायची की नाही हे प्रत्येक देशावर सोडलं. जर्मनीत मी आमच्या घराचे खिडक्यांचे शटर बेंझाइल अल्कोहोलच्या, म्हणजे मेथिलीन नसलेल्या पेस्टनं केले. तीन दिवस लागले, पण निघालं सगळं.

सई_मिशिगन

मी इथे कामगारांच्या आरोग्याच्या क्षेत्रात आहे. धागा वाचून राहवलं नाही.

आंबेमोहोर, तुम्ही विचारलंत की सूचना पाळणाऱ्यांनाही का मिळू नये. या औषधानं मेलेले सगळे लोक बेफिकीर होते असं मानलं तरच हा प्रश्न उभा राहतो. वस्तुस्थिती वेगळी आहे.

२०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८० ते २०१८ या काळात अमेरिकेत या रसायनानं झालेले ८५ मृत्यू त्यात शोधून काढले. त्यातले ७४ जण कामावर असताना गेले. म्हणजे घरी हौसेनं दारांचा रंग काढणारे थोडे, पोटासाठी हे काम करणारे जास्त.

त्यातलं एक काम तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इथे जुने बाथटब फेकून देत नाहीत, त्यावरचा जुना थर काढून नवा चढवतात. न्हाणीघर केवढं असतं? बहुतेक वेळा खिडकी नाहीच, आणि असली तरी वीतभर. माणूस टबमध्ये औषध ओततो, गुडघ्यांवर बसतो आणि टबाच्या काठावरून वाकून आतला थर खरवडतो. लॅबवालींनी सांगितलं तसं, वाफ जड. ती टबातच साठते, विहिरीत साठावी तशी. आणि याचं तोंड त्या विहिरीत. २००० सालानंतरच्या बारा-तेरा वर्षांत टबाचं काम करणारे निदान १४ कामगार असे गेले. बरेचसे एकटे काम करत होते, टबाच्या काठावर ओणवे पडलेले सापडले.

'हवा खेळती ठेवा' या तीन शब्दांतून त्या माणसाला काय कळणार? त्याला वाटतं दार उघडलं की झालं.

आता नियमाचं. जानेवारी २०१७ मध्ये ईपीएनं, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्यानं, प्रस्ताव मांडला तेव्हा ग्राहक आणि बहुतेक कामगार या दोघांसाठीही बंदी होती. मग तो प्रस्ताव पडून राहिला. त्या काळात आणखी तरुण मुलं गेली. त्यांचे आईवडील वॉशिंग्टनला जाऊन अधिकाऱ्यांना भेटले, मोठ्या दुकानांच्या साखळ्यांकडे गेले. लोज या साखळीनं मे २०१८ मध्ये आपणहून हे औषध बंद करायचं जाहीर केलं, मग बाकीच्यांनीही केलं. मार्च २०१९ मध्ये सरकारी नियम आला, त्या नोव्हेंबरपासून किरकोळ विक्री थांबली. पण अंतिम नियमातून कामगार वगळले होते. ज्यांचे मृत्यू सर्वांत जास्त, नेमके तेच. त्यांच्यासाठीचा नियम यायला मे २०२४ उजाडलं. त्यानं बहुतेक व्यावसायिक वापर टप्प्याटप्प्यानं बंद केला आणि जिथे चालू राहील तिथे हवेतल्या वाफेची आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत २ भाग ठेवली. त्याआधी १९९७ पासून ती २५ होती आणि त्याच्याही आधी ५००.

त्या मधल्या पाच वर्षांबद्दल मला आजही राग आहे. हौशी माणसाला जे घातक ठरवलं, ते मजुराच्या हातात कसं चालतं?

कोकमसार

सई, विहिरीची उपमा वाचून काटा आला. आमच्या गावी बंद विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडायचे, विझला तर उतरायचं नाही. इथे कंदीलही नाही.

सुतारपक्षी

सई, बाथटबचं मला इतकं माहीत नव्हतं. मी माझ्या अंगणापुरता विचार करत होतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

तरी एक मुद्दा मांडतो. जुन्या वस्तू जपणाऱ्यांचं काय? शंभर वर्षांपूर्वीचं मार्केट्रीचं, म्हणजे लाकडाचे पातळ तुकडे जुळवून नक्षी केलेलं टेबल, ज्यावर केसाएवढा व्हिनिअर आहे, त्याला घासता येत नाही की उष्णता देता येत नाही.

सई_मिशिगन

@सुतारपक्षी, २०२४ च्या नियमात त्याचा विचार आहे. कलात्मक, सांस्कृतिक किंवा ऐतिहासिक मोलाच्या लाकडी फर्निचरसाठी आणि इमारतींच्या लाकडी भागांसाठी अटी पाळून ८ मे २०२९ पर्यंत मुदत दिलेली आहे. तोवर दुसरी पद्धत बसवायची.

सुतारपक्षी

हे ठीक आहे. मुदत पुरेशी वाटते. माझ्या व्हिनिअरचा प्रश्न निदान ऐकला गेला.

चहाबाज

थोडं विषयांतर, माफी असावी. डिकॅफ कॉफीत हेच रसायन असतं असं ऐकलंय. खरं का?

लॅबवाली

कॅफीन काढण्याच्या एका पद्धतीत वापरतात, हो. भाजलेल्या डिकॅफमध्ये दशलक्षात १० भागांपेक्षा जास्त उरता कामा नये अशी अमेरिकेत मर्यादा आहे. पाण्यानं किंवा कार्बन डायऑक्साइडनं कॅफीन काढलेली कॉफीही मिळते, नको असेल तर ती घ्या. अजून एक गंमत सांगते. पाण्यात चोच बुडवून डुलत राहणारा काचेचा खेळण्यातला पक्षी आठवतो? त्याच्या पोटातलं रंगीत पाणी बहुतेक वेळा हेच. इतक्या कमी तापमानाला उकळतं म्हणूनच तो डुलतो.

चहाबाज

माझ्या मुलाकडे आहे तो पक्षी! उंच फळीवर ठेवतो. आणि चहाच पितो.

पेठकर

मुद्द्यावर येतो. सईताईंचं वाचल्यापासून मामाची आठवण येतेय, म्हणून लिहितो.

माझा मामा पॉलिशकाम करायचा. चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये भिजवून, कापसाचा बोळा फिरवून आरसा दिसेल असं पॉलिश काढायचा. नंतर नंतर ऑइलपेंट खरवडायची कामं जास्त येऊ लागली. एका बंगल्यात पावसाळ्यात काम होतं. मालकांनी पाणी आत येतं म्हणून खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. मामा रिमूव्हर लावून पट्टीनं कपाट खरवडत होता, हात उघडे. दुपारी चक्कर येऊन पडला. बरोबरच्या पोऱ्यानं ओढत गच्चीवर नेला म्हणून वाचला. हातांची कातडी भाजल्यासारखी झाली होती. सगळ्यांनी म्हटलं, उपाशीपोटी काम केलं म्हणून पित्त झालं असेल. मामीनं लिंबूसरबत दिलं. दोन दिवसांनी तो परत त्याच कामावर.

त्या डब्यात नेमकं काय होतं ते मी आता सांगू शकत नाही. पण गोडसर वास, लगेच थंडगार लागणारं आणि मग चुरचुरणारं औषध, असं तो वर्णन करायचा.

लॅबवाली

@पेठकर, वर्णन तंतोतंत जुळतं. पटकन उडतं म्हणून आधी थंड लागतं, मग कातडी जाळतं. मामा वाचले हे त्या पोऱ्याचे उपकार.

राईन_काठी

आंबेमोहोर, आणखी एक. मेथिलीन नाही म्हणजे डबा सुरक्षित, असं समजू नका. एनएमपी नावाचं दुसरं रसायन असलेली औषधंही असतात. ते त्वचेतून शरीरात जातं आणि पोटातल्या बाळाला अपाय करतं. २०१७ च्या अमेरिकन प्रस्तावात त्याचंही नाव होतं, २०१९ च्या नियमात मात्र नव्हतं. लेबलवर आधी ही दोन नावं शोधा.

सई_मिशिगन

आणि घर १९२८ चं आहे हे विसरू नका! अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. तुमच्या सात थरांपैकी खालच्या काहींत शिसं असणार असं धरूनच चाला. म्हणजे औषध नको म्हणून मशीननं कोरडं घासायला घेतलंत, तर आगीतून फुफाट्यात. ती धूळ घरभर बसते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. हीटगन (गरम हवेच्या झोतानं रंग सोडवणारं यंत्र) वापरायची तर ५९० अंश सेल्सिअसच्या खूप खाली ठेवा, त्याच्या वर शिशाची वाफ होऊ लागते. ज्योत तर अजिबात नको.

पेठकर

शिशाबद्दल आपल्याकडच्यांनीही ऐकावं. भारतात घरगुती रंगात दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या वाड्यांची दारं, खिडक्यांचे गज, पाळणे, सगळं संशयित. दिवाळीआधी पॉलिश पेपरनं खसाखसा घासतात आणि पोरं तिथेच खेळत असतात. निदान पाणी मारून ओलं घासा, आणि पोरांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

सुतारपक्षी

आंबेमोहोर, दारांसाठी माझा सल्ला असा. आधी कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या थरावर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा. चिकट झालं तर तो चपडा आहे. असं असेल तर नशीब चांगलं, कारण त्याच्यावरचे रंग चपड्यासकट सुटून येतात. वरच्या थरांसाठी बेंझाइल अल्कोहोलची पेस्ट घ्या. तुम्ही बहुतेक पातळ लावली असणार. पुरणपोळीवर तूप लावतो तशी नाही, पोळीत पुरण भरतो तशी जाड लावा. प्लास्टिक चोवीस तास ठेवा. सात थरांना तीन खेपा लागतील. दार जागेवरून निघत नाही म्हणालात, बिजागरीच्या स्क्रूवर रंग भरलाय म्हणून निघत नसेल. खाचेतला रंग टोकदार पट्टीनं उकरा, मग फिरवा. माझं एकही दार अजून अडलेलं नाही.

आंबेमोहोर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय.

डबा काउंटीच्या घातक कचरा गोळा करायच्या दिवशी नेऊन दिला. तिथल्या बाईंनी झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि म्हणाल्या, असे अजून येतात.

सुतारपक्षी, तुमचं बरोबर निघालं! स्क्रूच्या खाचा उकरल्यावर पाचही दारं निघाली. खाली चपडाच आहे. पहिलं दार आता अंगणातल्या शेडखाली ताडपत्रीवर आडवं आहे, दोन खेपांत सहा थर गेले. शिशाची चाचणी केली, खालचे तीन थर लाल आले, म्हणजे त्यांत शिसं आहे. ओलंच खरवडतोय आणि कपडे वेगळे धुतोय.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. आमचा बाथटबही जुना आहे आणि त्याचं काम आधीच एका माणसाला सांगितलं होतं. धागा वाचला नसता तर मी त्याला विचारलंही नसतं. काल फोन करून विचारलं, थर कशानं काढणार? म्हणाला, माझ्याकडे जुना साठा आहे, त्यानं दोन तासांत होतं. मी म्हटलं ते नको. तो म्हणाला, मग घासून आणि पेस्टनं करावं लागेल, दोन दिवस लागतील, मजुरी जास्त होईल. मी हो म्हटलं. मग जरा थांबून तो म्हणाला, त्या औषधानं संध्याकाळी माझं डोकं फार दुखतं, पण गिऱ्हाइकाला घाई असते.

सई, त्याला स्पॅनिश जास्त कळतं. तुमच्याकडे त्याला देण्यासारखं काही असेल तर कळवाल?

सई_मिशिगन

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्याला फोनवर समजावून सांगायचं असेल तर माझी एक सहकारी स्पॅनिश बोलते, ती सांगेल. त्याच्या हाताखाली आणखी कोण काम करतं तेही विचारून ठेवा.

आंबेमोहोर

विचारलं. त्याचा भाऊ आणि एकोणीस वर्षांचा भाचा. सोमवारी तिघंही येतायत. न्हाणीघराच्या खिडकीला बाहेर हवा फेकणारा पंखा आज बसवून घेतला.